पंतप्रधानांचा उलटा हात

"चादर खाली सोड आधी," विल्फ कुजबुजला. "कुणी पाहिलं तर?"

युद्ध जिंकल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गावाला सुट्टी होती. तीन वाजता हिरवळीवर युद्धकाळातल्या पंतप्रधानांच्या पुतळ्याचं अनावरण होतं. पुतळा विल्फ आणि नेस्टाच्या आजोबांनी घडवला होता. जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा करणाऱ्या माणसाचा हा पहिलाच पुतळा, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे बहुधा शेवटचा. बहीणभावंडं मैत्रिणीला, डॉटला, तो गुपचूप दाखवायला आली होती.

विजयाची खूण म्हणून पंतप्रधानांची दोन बोटं वर होती. पण तळहात लोकांकडे नव्हता, स्वतःकडे होता!

"हा काही विजय नव्हे, अशी उलटी बोटं म्हणजे शिवी," डॉट म्हणाली. "अशी बोटं मी भावाला दाखवली, तर आईनं आठवडाभर माझं पुडिंग बंद केलं."

नेस्टाला रडू फुटायचंच बाकी होतं. "सगळं गाव आजोबांना हसेल. काल घरून निघताना हात बरोबर होता. मी स्वतः पुसला होता!"

"मनगटाला हिरवा रंग लागलाय बघ," विल्फ म्हणाला.

हिरवं दार गावात एकच, सभागृहाचं. पुतळा रात्री तिथेच होता. तिघं धावली. चौकटीवर ताजा ओरखडा!

आत पुतळा समितीचे चिटणीस पोकॉक खुर्च्या मांडत होते. "दारातून हात जाईना. मग बोल्ट काढला, परत लावला. चांगला घट्ट!" ते ऐटीत म्हणाले.

"पण तो उलटा..."

"पुतळ्याला हात लावायचा नाही. पळा!"

पाना त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरच होता. डॉटने चहाच्या टेबलाकडे पाहून मोठ्याने विचारलं, "मिस्टर पोकॉक, कपात दूध आधी घालायचं की चहा?"

"अर्थात दूध," पोकॉक म्हणाले.

"काहीतरीच काय," तिथे चहा मांडणाऱ्या तीन बायका एकदम म्हणाल्या. झालं, जुंपली! विल्फने पाना उचलला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

तीन वाजता चादर सरकली. तळहात आता लोकांकडे होता, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग मुलांनी सगळं कबूल केलं. पोकॉकांचे कान लाल झाले. समितीच्या अध्यक्षा थ्वेटबाई म्हणाल्या, "गावाची लाज राखलीत, पोरांनो."

आजोबा मात्र पुतळ्याचं मनगट चाचपत हसत होते. "आमची गल्ली बॉम्बने पडली, तेव्हा हे पंतप्रधान बघायला आले होते. मी नऊ वर्षांचा. त्यांनी बोटं वर केली, ती उलटीच. घर गेलेली माझी आई पोट धरून हसली. त्या दिवसापासून मला तो माणूस आपला वाटतो."

"मग तुम्ही हात उलटा का नाही केलात?" नेस्टाने विचारलं.

"केला होता गं. तुझ्या आजीनं तो कापून सरळ बसवायला लावला. म्हणून तर तिथे बोल्ट आहे."