सात निळे ठिपके

२००३ सालचा मे महिना. वर्ध्याला दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं आणि यामिनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या उड्या मोजत बसली होती. यीस्टमधलं एक जनुक मोठं उडाणटप्पू. जागा सोडून भलतीकडेच जाऊन बसतं. ज्या पेशीत त्याने उडी मारली, तीच एक पोषकद्रव्य वगळलेल्या या उपाशी प्लेटवर जगते आणि तिची टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी कॉलनी होते. मोजलेल्या प्रत्येक कॉलनीखाली, पारदर्शक प्लेटच्या पाठीवर शाईचा ठिपका द्यायचा, म्हणजे ती दोनदा मोजली जात नाही.

कॉलन्या भरल्या चार.

"चार?" तिचे मार्गदर्शक बंडोपंत सर खेकसले. "सुश्रुतच्या अकरा यायच्या. उद्या अकरा दिसल्या नाहीत तर तुझ्या प्रबंधावर माझी सही विसर."

सुश्रुत हा तिच्या आधीचा विद्यार्थी. मानेवर गाठ आली म्हणून हिंगणीला घरी गेला, तो परतलाच नाही. त्याचा निळा मार्कर अजून ड्रॉवरमध्ये पडून होता.

यामिनीला संताप आला, रडूही आलं. चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. सर प्लेट उलटी धरून फक्त ठिपके मोजतात, हे तिला ठाऊक होतं. तिने तोच मार्कर उचलला आणि कॉलनी नव्हती तिथे सात ठिपके देऊन टाकले.

सकाळी इन्क्युबेटर उघडला तसा आंबूस वास अंगावर आला. प्लेटवर अकरा कॉलन्या होत्या. नव्या सातही तिच्या खोट्या ठिपक्यांवर, नेमक्या.

प्लेटा धुणारी शोभाबाई मागे येऊन उभी राहिली होती.

"पुसून टाका ते, ताई," ती हळूच म्हणाली. "सुश्रुतभाऊ बी असेच ठिपके देत. जिथं ठिपका, तिथंच उगवून राह्यलं होतं..."

"मग?"

"मंग एक दिवस त्यायच्या मानेवर निळा ठिपका दिसला. शाई लागली म्हनून आमी हासलो. गाठ तिथंच आली..."

यामिनीने स्पिरिटचा बोळा घेऊन सातही ठिपके घासले. ठिपके गेले. कापूस मात्र पांढराशुभ्र राहिला.

"शोभाबाई... शाई गेली कुठे?"

शोभाबाईने यामिनीच्या मानेवरची वेणी बाजूला केली.

"एक," ती पुटपुटली. "दोन... तीन..."

सातावर ती थांबेल, असं यामिनीला वाटलं. ती थांबली नाही.