पालथा सैनिक

"माईकवर चोर म्हणाले हो माझ्या भाचीला! भरल्या हॉलमध्ये!"

शिवणकाम करणाऱ्या बाई खुर्चीत टेकायलाही तयार नव्हत्या. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. तपासनीस बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. शेजारी त्यांचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान आणि दातांचे निवृत्त डॉक्टर, पेपरमागून कान टवकारून बसले होते.

हकीकत अशी. भाची पत्त्यांच्या दुकानात कामाला होती. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. प्राणी, जादू, लढाया असलेली, जमवायची आणि खेळायची पानं. काल संध्याकाळी तिथं स्पर्धेची अंतिम फेरी होती. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला मालकाचा मेहुणा. डाव रंगात आला आणि मालकाला दिसलं, की काचेच्या कपाटातलं 'सोनेरी वाघीण' हे दुर्मीळ पान गायब आहे. कपाटाची साफसफाई भाचीकडे. झालं! ना विचारपूस, ना शहानिशा. पोरीची पर्स सगळ्यांदेखत टेबलावर उलटी केली.

"सापडलं काही?"

"घेतलं असेल तर सापडेल ना! तरी म्हणतात, आज दुपारपर्यंत कबूल कर, नाहीतर पोलीस. आता कुठलं दुकान तिला दारात उभं करेल?"

तपासनीस बाई उठल्या. "दाजी, चपला घाला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेत हे लोक."

दुकानामागचा हॉल लांबट होता. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात माईक, मधोमध कालचं टेबल, त्यावर मोठी काच.

"यात शोधायचंय काय?" मालक सुरुवातीलाच गुरगुरला. "किल्ली तिच्या हाताशी असते."

"असते कुठे?"

"गल्ल्यामागे, खिळ्याला. तिथं ती जाते, नाहीतर आम्ही घरचे. मी आणि मेहुणा."

"मग संशय तिच्या एकटीवरच का?"

"अहो, घरच्यांवर संशय घ्यायचा का?"

"परक्या पोरीवर किती चटकन घेता आला!" बाईंचा आवाज चढला. "पान शेवटचं कधी पाहिलंत?"

"अंतिम फेरीच्या जरा आधी होतं. नंतर नव्हतं. दार लावून एकूणएक माणसाची झडती घेतली. कचऱ्याची पेटीसुद्धा पालथी घातली."

पंच म्हणजे उंच, काटेकोर गृहस्थ. खेळाआधी त्यांनी दोन्ही खेळाडूंचे खिसे रिकामे करून घेतले होते.

"गड्ड्याही मोजल्या," ते म्हणाले. "गोंधळानंतर पुन्हा मोजल्या. गड्डी, हातातली पानं, पटावरची पानं, सगळं चोख भरलं. अर्धवट डावाला कुणी हात लावायचा नाही, म्हणून काच ठेवली, हॉलला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच होती."

दाजी काचेवर वाकले. मेहुण्याच्या बाजूला रंगीत बटणांची रांग होती, टोकाला काळ्या कव्हरातलं एक पालथं पान. "ही बटणं कसली?"

"टोकन. मुंगीराणी पटावर असली, की दर खेपेला एक सैनिक जन्मतो. त्याचं पान गड्डीत नसतंच. मग खूण म्हणून काहीही ठेवायचं. बटण, काडी, पालथं पान. मेला की या सामाईक वाडग्यात टाकायचा. पानांत त्याची गणती नाही."

"बटणं आमच्याकडची," शिवणकाम करणाऱ्या त्या बाई, म्हणजे भाचीच्या आत्या, घुश्शात म्हणाल्या. "वाडगाभर दिली होती. त्याचे हे पांग फेडले!"

भाचीचे डोळे सुजले होते, पण खेळाबद्दल विचारताच ती सरसावून बसली. "मी हल्ला केला, तेव्हा त्यांच्याकडे तो पालथ्या पानाचा एकच सैनिक होता. हल्ला झेलायला कुणीही सैनिकच पुढे करतं, तो मरायलाच असतो. त्यांनी अस्वल पुढे केलं! सगळ्यात बळकट पान घालवलं. बटणांचे सैनिक नंतर आले. मी 'वणवा' टाकणार होते, त्यात सगळे सैनिक जळतात. तेवढ्यात मालककाका माईकवर ओरडले."

"प्यादं वाचवायला वजीर दिला!" दाजी हळहळले. "मूर्खच दिसतो."

तपासनीस बाईंनी मेहुण्याला बोलावून घेतलं.

मेहुणा अत्तर लावून आला होता. "कशाला घोळ घालताय? तिला बाद करा. मी डाव आवरतो, विषय संपला."

"पंच आवरतील की."

"छे! माझी पानं मी दुसऱ्याच्या हाती देत नाही."

"मग असं करा, उरलेला डाव खेळूनच टाका."

"चोराबरोबर मी खेळत नाही."

"तर डाव तिचा, आणि पट मी आवरणार," पंच शांतपणे म्हणाले. मेहुणा मुकाट्यानं बसला.

काच उचलली. भाचीनं वणवा टाकला.

"सैनिक मेले. वाडग्यात टाका."

मेहुण्यानं बटणं एकेक करून टाकली. पालथ्या पानापाशी त्याचा हात अडला.

"तेही."

"मी... मी डाव सोडतो." त्यानं घाईनं सगळी पानं गोळा करायला हात पसरले. त्याआधीच तपासनीस बाईंचा तळवा त्या पालथ्या पानावर पडला होता.

"राणी जिवंत आहे, गड्डी जाडजूड आहे, आणि डाव सोडता? एका मेल्या सैनिकासाठी?"

त्यांनी पान उलटलं. सोनेरी वाघीण सगळ्यांकडे बघत होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "दाजी, मोजणी चोख भरली, तरी हे पान पटावर होतंच. गड्डीतलं असतं, तर मोजणीत कमी पडलं असतं. म्हणजे ते बाहेरून आलं. फेरीआधी यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली, पान काढलं. पण खिसे रिकामे करायचे होते, गड्डी मोजली जाणार होती. न मोजलं जाणारं पान एकच, टोकन. म्हणून ते काळ्या कव्हरात घालून आधीपासूनच टेबलावर उघड पालथं ठेवलं. डाव संपला की आपल्या पानांबरोबर उचलायचं. वाडगाभर बटणं असताना पहिला सैनिक पानाचा का, हे कुणी विचारलं नाही. त्याला मरू द्यायची सोय नव्हती, सामाईक वाडग्यातलं पान कुणीही उलटलं असतं. म्हणून अस्वल बळी गेलं. आणि वर पट मीच आवरतो म्हणून घाई! चोराच्या उलट्या बोंबा."

पंचांनी कपाळाला हात लावला. "माझ्या नाकासमोर होतं. टोकनला दुसरी बाजू असते, हे आम्हा खेळणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही."

मालकाचा चेहरा उतरला. मेहुण्याकडे न बघता तो भाचीजवळ आला. "हे बघ पोरी, झालं गेलं विसर. घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू. उद्यापासून ये कामाला."

"तिची पर्स उलटी केलीत, तेव्हा नाही घर आठवलं?" तपासनीस बाई कडाडल्या.

भाचीनं त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं. आधी ती पंचांकडे वळली. "त्यांनी डाव सोडलाय ना? मग विजेती म्हणून माझं नाव लावा." मग मालकाकडे. "कामाचं मी आत्याला विचारून सांगेन. पण काल मला चोर कुठून म्हणालात, काका? माईक तिथंच आहे."

मालक जागचा हलेना. आत्या वाडग्यातली बटणं ओंजळीनं पिशवीत भरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"दार उघडा हो दाजी," त्या म्हणाल्या. "बाहेरच्यांनाही ऐकू जाऊ दे."

दाजींनी दोन्ही दारं सताड उघडली. मालक माईककडे चालू लागला.