मागच्या सीटची बावन्न मिनिटं

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागतो. मी नववीत शाळा सोडली, आणि त्यानंतर हातात पेन कमी, पक्कड जास्त. मोठे शब्द मला येत नाहीत. पण जे बघितलं ते जसंच्या तसं मांडता येईल एवढे शब्द माझ्याकडे असावेत.

माझं नाव इमेट. लव्हर्न स्टॉल्झच्या गॅरेजमध्ये मी पोलिसांच्या गाड्या तयार करतो. कारखान्यातून साधी गाडी येते. आम्ही तिच्यावर दिवे चढवतो, भोंगा बसवतो, मध्ये जाळी आणि मागे कडक प्लास्टिकची सीट घालतो, आणि कॅमेरे लावतो. एक समोरच्या काचेला, एक मागे बसणाऱ्याच्या तोंडासमोर. नेब्रास्काच्या या कोपऱ्यातल्या सगळ्या काउंट्यांच्या गाड्या आमच्याकडेच येतात. जुनी गाडी निकालात निघाली की तिचं सामान काढून नवीत घालायचं कामही आमचंच. जुन्या सीटा उचलल्या की खाली काहीबाही सापडतं. चाव्या, नाणी, एकदा लग्नाची अंगठी, एकदा दात. ते सगळं लव्हर्न कॉफीच्या डब्यात टाकून ठेवतो.

या कॅमेऱ्यांची एक खोड सांगायला हवी. कॅमेरा सतत बघत असतो, पण साठवत नाही. फक्त मागचं एक मिनिट धरून ठेवतो आणि त्याच्या आधीचं टाकून देतो. लाल दिवे लागले किंवा बटण दाबलं की तिथून पुढचं साठवतो, आणि सोबत ते आधीचं एक मिनिटही. त्या मिनिटाला आवाज नसतो. नुसतं चित्र.

गेल्या जुलैत काउंटी पोलिसातल्या डेप्युटी हॅस्केलच्या गाडीत लोनी विक्स मेला. चोवीस वर्षांचा होता, धान्याच्या कोठारावर कामाला. रस्त्यावर झोकांड्या खात होता म्हणून हॅस्केलने त्याला दारुडा समजून हात पाठीमागे बांधले, गाडीत घातलं, गाडी बंद करून काचा लावल्या आणि तो एका खाणावळीत शिरला. लोनी प्यायलेला नव्हता. त्याला मधुमेह होता, साखर उतरून तोल जात होता. हॅस्केल म्हणाला, दहाच मिनिटं ठेवलं होतं, आणि आजाराचं नाव कोरलेलं कडं वगैरे त्याच्या मनगटात काही नव्हतं. कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाला, कॅमेरा बंद होता, बसवणाऱ्यानेच तार सैल ठेवली होती.

बसवणारा मी.

फेब्रुवारीत ती गाडी निकालात निघाली आणि हॅस्केलची नवी गाडी आमच्याकडे आली. जुन्या गाडीतून कॅमेरे आणि त्यांची पेटी मी स्वतः काढली. आतलं साठवणीचं कार्ड कोणीतरी आधीच काढून नेलं होतं. पण तारा तिथेच होत्या. एकूण एक जोड ओढून बघितला. सगळे घट्ट. प्रत्येक जोडावर मी पिवळी पट्टी गुंडाळतो आणि तिच्यावर तारीख घालतो. पट्ट्यांना कोणी हातही लावला नव्हता.

त्या दिवशी सकाळीच हॅस्केल एक कागद घेऊन आला होता. माझ्या तोंडात स्क्रू होते.

"काय रे मुक्या, जेवण चाललंय का?" तो म्हणाला. "घे, एवढी सही कर. तार सैल सापडली, एवढंच लिहिलंय. तुला कोणी फासावर चढवत नाही."

मी स्क्रू हातात काढले. "सैल नव्हती."

"ए लव्हर्न, बोलला रे हा!" तो हसला. "उद्या आठ वाजता गाडी न्यायला येतो. दोन्ही तयार ठेव, गाडी आणि कागद."

तो गेल्यावर लव्हर्न बराच वेळ हात पुसत राहिला. "सही कर, पोरा. काउंटीचं काम गेलं तर मला दार लावावं लागेल. आणि तो मेलेला काही परत यायचा नाही."

"पंधरा दिवसांनी कोर्टात तारीख आहे. त्याच्या आईने केलेल्या केसची."

"म्हणूनच कर म्हणतोय," लव्हर्न म्हणाला आणि सुटे भाग आणायला शहरात गेला.

दुपारी तीनपर्यंत तेच कॅमेरे आणि तीच पेटी नव्या गाडीत बसवून झाली. मागच्या कॅमेऱ्याला अंधारात दिसतं की नाही हे तपासायचं असतं, त्यासाठी गॅरेज पूर्ण काळोखं करावं लागतं. मी शटर खाली ओढलं, दिवे घालवले, पुढच्या सीटवर बसलो. बाहेर वारा पत्र्यावर बर्फाचे कण मारत होता. गाडी कोरी करकरीत, आतल्या गालिच्यावरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. साठवणीचं कार्डही नवं, पाकिटातून मीच काढलेलं.

बटण दाबलं, थांबवलं, आणि गाडीतल्या पडद्यावर मागे नेऊन बघितलं.

मागच्या सीटवर माणूस होता.

मी वळलो. जाळीमागे काळोख होता, काही हलत नव्हतं. पुन्हा पडद्याकडे बघितलं. अंधारातलं करडं चित्र नव्हतं ते. भर उन्हातलं होतं. घामाने थबथबलेला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस. कोपऱ्यात आकडे : एकोणीस जुलै, दोन वाजून चौदा मिनिटं. तो खांद्याने दारावर धडका मारत होता. आवाज नाही. मिनिट संपलं, आणि पुढे काळोखातली रिकामी सीट.

मी पेटी संगणकाला जोडून ते उतरवून घ्यायला गेलो, तर तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामी सीटच. पडद्यावर परत लावलं, तिथूनही गेलं होतं. वाटलं, डोळ्यांना भास झाला. म्हणून पुन्हा बटण दाबलं.

दोन वाजून पंधरा.

तिसऱ्यांदा दाबलं. सोळा.

तेव्हा समजलं. एका वेळी एक मिनिट, आणि तेही एकदाच दिसणार. माझे पाय दाराकडे वळले होते, खोटं कशाला सांगू? पण तो सरळ कॅमेऱ्यात बघत होता. मीच तिथे बसवलेल्या कॅमेऱ्यात. या गाडीत आपल्याला बघणारं काहीतरी आहे एवढी एकच गोष्ट त्याला ठाऊक होती. मी उठून गेलो असतो तर हॅस्केल आणि मी सारखेच झालो असतो.

कामाची वही काढली, बॅटरी दातांत धरली, आधीची तीन मिनिटं लिहून काढली, आणि दर मिनिटाला एक ओळ लिहू लागलो.

सतरा. दारावर लाथ मारतो. एकोणीस. ओठ हलतात, पाणी म्हणत असावा. बावीस. पाठ वळवली. बांधलेले हात कॅमेऱ्यासमोर उंच केले. मनगटात कडं आहे.

कडं होतं. तो तेच दाखवत होता. मिनिटामागून मिनिट, पाठमोरा, कोणीतरी वाचेल म्हणून.

एव्हाना गाडीत उकडायला लागलं होतं. हीटर बंद होता, किल्लीसुद्धा खिशात होती. तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता. मी जाळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

दोन अडतीसला काचेबाहेर हॅस्केल आला. हातात कागदी पेला. वाकून आत बघितलं, पेल्यातलं प्याला, निघून गेला. लोनी त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने बोटांनी चाचपत कडं मनगटातून ओढून काढलं, आणि सीट आणि तिची पाठ यांच्या फटीत सोडलं. पत्राच्या पेटीत पत्र टाकावं तसं.

तेवढ्यात बाजूचं छोटं दार उघडलं. लव्हर्न होता.

"काळोखात काय करतोयस?"

"ये... बघ."

तो पुढच्या दारातून वाकला. मी बटण दाबलं. दोन चाळीस. लोनीचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड उघडं. मिनिट संपलं.

"बंद कर ते," तो हळूच म्हणाला.

"दिसला ना तुला?"

"मला... काही दिसलं नाही. तुलाही दिसलेलं नाही."

पण बोलता बोलता त्याचा हात कोटाच्या बटणांवर गेला होता. एक, दोन, तीन, सगळी बटणं त्याने काढली. बाहेर शून्याखाली पंधरा होतं.

"लव्हर्न, मी हे शेवटपर्यंत बघणार आहे."

"कामावरून काढीन."

"काढ."

मी आयुष्यात कोणाला असं बोललो नव्हतो. तो ऑफिसात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

पुढचं सगळं इथे लिहीत नाही. वहीत आहे. शेवटची बारा मिनिटं तो हलला नाही. तरी मी एकही मिनिट वगळलं नाही. तीन वाजून पाचव्या मिनिटाच्या शेवटी दार उघडलं आणि खाकी बाही आत आली. ओळी मोजल्या. बावन्न. म्हणे दहा मिनिटं!

त्यानंतर बटण दाबलं तर नुसती काळोखातली रिकामी सीट दिसली, फेब्रुवारीची, आजचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गॅरेजच्या मागच्या आवारात गेलो. जुनी गाडी न्यायला लिलाववाल्यांचा ट्रक नऊला येणार होता. गोठलेले बोल्ट सुटेनात, बोटं सोलली. सीट उचलली. खाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, एक नाणं, आणि कडं. एका बाजूला कोरलेलं होतं, लोनी विक्स, मधुमेह. दुसऱ्या बाजूला टेलिफोन नंबर. हे मात्र डब्यात टाकायचं नव्हतं. मी तो नंबर फिरवला.

"कोण?" बाईचा आवाज. पहिल्याच घंटेला.

"मिसेस विक्स, मी इमेट. तुमचा लोनी ज्या गाडीत होता, तिच्यातला कॅमेरा मी बसवला होता. तार सैल नव्हती. मला... मला तुम्हाला काही द्यायचंय."

ती वीस मिनिटांत आली. शाळेच्या स्वयंपाकघरातला ॲप्रन तसाच अंगावर. कडं तिने मुठीत धरलं, वही कोटाच्या आत घातली. "तू बघितलंस म्हणतोस... सगळं?"

"सगळं. एकही मिनिट सोडलं नाही."

तिने माझ्या सोललेल्या बोटांवर हात ठेवला आणि जाऊन आपल्या पिकअपमध्ये बसली. गेली मात्र नाही. फाटकापाशी थांबली.

आठला हॅस्केल आला. मी कागद दिला. छापलेल्या मजकुरावर काट मारून खाली लिहिलं होतं, सगळे जोड घट्ट होते, कोर्टातही हेच सांगेन. आणि त्याखाली माझी सही.

त्याचं हसू गेलं. "तुला कळतंय का तू काय करतोयस, मुक्या?"

"कळतंय. कॅमेरा नीट चालतोय. मी स्वतः तपासलाय. या वेळी जोड दोनदा आवळलेत."

लव्हर्न ऑफिसच्या काचेमागे उभा होता. त्याने मला थांबवलं नाही. किल्ली मीच हॅस्केलच्या हातात ठेवली.

नवी गाडी रात्रभर आवारात बर्फात उभी होती. सगळ्या गाड्यांच्या टपांवर वीतभर बर्फ होतं. हिच्याही होतं, पुढे आणि कडेला. मागच्या सीटच्या वर मात्र तेवढा गोल भाग उघडा पडला होता, आणि त्या पत्र्यावरून वाफ निघत होती. हॅस्केलने तिकडे बघितलं नाही. मिसेस विक्सकडेही नाही. दार आपटून तो निघाला.

मी आवारात उभा राहून बघत होतो. फाटकाबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागता लागता गाडीचा वेग कमी झाला, आणि त्या कडाक्याच्या थंडीत हॅस्केलने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.