बाभळीवरचं मुंडासं

"रय्या, खाली ये! तुझ्या बाबांचं मुंडासं सापडलं!"

हाक ऐकली आणि रय्या अनवाणीच वादीच्या काठाकडे धावत सुटली.

एरवी ठणठणीत कोरडं असणारं वादीचं ते पात्र आज तिसऱ्या दिवशीही पुराने फोफावत होतं. वाट दोन्हीकडून तुटलेली, मागे सरळसोट कडा. सुवैर गावातून आत-बाहेर कोणाला पाऊल टाकता येत नव्हतं. माणसं एकमेकांवर उगाच खेकसू लागली होती.

रय्याचे वडील सुलैयम गावाचे पाटकरी, पाटाचं पाणी बागांना पाळीने वाटून देणारे. पूर आला त्या दिवशी पहाटेपासून आभाळ गच्च होतं. पाण्याची पाळी मोजायची, पाण्यावर ठेवली की ठरल्या वेळात भरून बुडणारी भोकाची वाटी काखेला मारून ते पाटावर गेले, ते परतलेच नाहीत.

काठावरच्या बाभळीपासून पाणी आता मागे हटलं होतं. पुराचा सगळा पालापाचोळा तिच्या वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला, तटला होता. मुंडासं मात्र खालच्या अंगाच्या काट्यांत लटकत होतं आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. रय्याने ते सोडवून घेतलं. तिला रडू फुटलं.

"पोरी, मन घट्ट कर," शेख नबहान म्हणाले. गावात त्यांचा शब्द अखेरचा. "आपली दोन माणसं शोधताना मरता मरता वाचली. दुपारच्या नमाजानंतर शोध थांबवू. शोकाला बसू."

"शेखकाका, त्याआधी एवढंच सांगा. बाबांना शेवटचं कोणी पाहिलं?"

"मी," शेजारच्या बागेचा हारिब पुढे झाला. "वादीत उतरत होते. हाका मारून घसा बसला माझा. पण तुझा बाप कधी कोणाचं ऐकतो?"

"तेव्हा किती वाजले होते?"

"घड्याळ कोण बघतंय? पाळी मोजायच्या काठीची सावली तिसऱ्या दगडाला टेकली होती. माझी पाळी संपतच आलेली."

"नक्की?"

"अगं, वीस वर्षं त्या सावलीवर बाग भिजवतोय! तू मला शिकवणार?"

रय्याने मुंडासं नाकाशी नेलं. मग शेखांकडे वळली.

"गाव अडकल्यावर सगळ्यांनी खजुराच्या कोठ्या उघडल्या ना?"

"उघडल्या की. एकट्या हारिबची राहिली. किल्ली पुरात गेली म्हणतो."

"मग कुऱ्हाड आणा."

"डोकं फिरलंय हिचं!" हारिब किंचाळला.

"फिरलं असतं तर बरं झालं असतं, काका. माझा बाप गेला असं मानून मी गप्प बसले असते." रय्याने मुंडासं सगळ्यांसमोर धरलं. "पुराने आणलेलं सगळं वरच्या अंगाला अडकतं. हे खालच्या अंगाला आहे, म्हणजे इथलं पाणी ओसरल्यावर कोणीतरी हाताने अडकवलंय. पुरात धुतलेल्या कापडाला मुंग्या लागतील का? याला कोठीत पोत्यांखाली झिरपते ती खजुराची काकवी लागली आहे. वास घ्या हवा तर. म्हणजे बाबा एखाद्या कोठीत पडलेत आणि बंद कोठी एकच आहे. राहता राहिली सावली. त्या दिवशी ऊन पडलं होतं कुठे? बाबा वाटी घेऊन गेले, ते सावली नव्हती म्हणूनच! सवयीने बोलून गेलात आणि फसलात."

शेखांनी हारिबचा दंड धरला. "बोल!"

हारिबने दंड सोडवून पाहिला, मग बोलू लागला. "माझ्या बागेला जास्त पाणी यावं म्हणून पाटातला वाटणीचा दगड मी चार बोटं सरकवला होता. त्यांनी पकडलं. गावासमोर सांगतो म्हणाले. मी ढकललं, डोकं आपटलं... मारायची छाती झाली नाही आणि सोडायचीही."

कोठीचं दार तिसऱ्या घावाला फुटलं. आत अंधार, गच्च उकाडा, काकवीचा आंबूस वास. पोत्यांच्या मागे, तोंड आणि हात बांधलेले सुलैयम भिंतीला टेकून बसले होते. डोक्यावर रक्त सुकलं होतं.

"बाबा!" रय्याने तोंडाचं फडकं सोडलं आणि गळ्यात पडून हंबरडा फोडला.

म्हाताऱ्याने दोन घोट पाणी घेतलं. "रडतेस काय? पाटावर कोण आहे?"

"कोणी नाही, बाबा."

"कोणी नाही?" सुलैयम खवळले. "तीन दिवस? मग बघत काय बसलात, मला उचला!"