दाण्याचा तिसरा डोळा

पांढरीशुभ्र वस्तू काळीकुळकुळीत दिसू शकते का? कुर्डुवाडीच्या शलाका गवसणेला हे कोडं पडलं २०४१ सालच्या मे महिन्यात, शून्य सावलीच्या दिवशी. त्या दिवशी दुपारी बारा पंचविसाला सूर्य बरोब्बर डोक्यावर येणार होता आणि उभ्या वस्तूंची सावली गायब होणार होती.

अकरा वर्षांच्या शलाकाने हा क्षण आजवर फक्त खिडकीतून पाहिला होता. तिच्या शरीरात मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं आणि उन्हापासून जपणारं द्रव्य) जन्मापासूनच तयार होत नव्हतं. दहा मिनिटं उन्हात गेली की कातडी भाजलीच म्हणून समजा! यंदा मात्र अण्णांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, शब्द दिला होता, "सनस्क्रीन नीट लावलंस तर मिनिटभर नेईन."

अण्णा रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी डाळिंबांना ऊन लागलंय का हे तपासणारा रोबो बनवला, दाण्या. तो बागेत शिकला, त्यामुळे त्याची बोलीही बागेतलीच.

सुट्टी असूनही शून्य सावली पाहायला मुलं शाळेच्या मैदानावर जमली होती. बाराच्या ठोक्याला शाळेच्या व्हरांड्यात दाण्याने शलाकाकडे निरखून पाहिलं. "पोरीचं नाक उघडं हाय. गालबी. फळ भाजणार बघा."

"लावलं नाहीस?" अण्णांनी विचारलं.

"लावलं होतं. मग पुसलं." शलाकाचे डोळे भरून आले. "आधीच मी एवढी पांढरी. त्यात हे फासलं की पोरं चुन्याची डबी म्हणतात."

अण्णा म्हणजे एक घाव दोन तुकडे करणारा माणूस. समजूत घालत न बसता त्यांनी दाण्याचा तिसरा डोळा व्हरांड्यातल्या पडद्याला जोडला. या डोळ्याला फक्त अतिनील किरण (जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा प्रकाश) दिसत.

"गालावर सनस्क्रीनचं एक बोट ओढ," अण्णा म्हणाले.

शलाकाने ओढलं. व्हरांड्यातल्या आरशात पांढरा पट्टा उमटला. पडद्यावर मात्र कोळशाने ओढावा तसा काळा!

"हे कसं?" ती रडायचंच विसरली.

"यात झिंक ऑक्साइडचे बारीक कण आहेत. दिसणारा प्रकाश ते चहूकडे विखुरतात, म्हणून आपल्याला पांढरे दिसतात. अतिनील किरण मात्र गिळतात. गिळलेला प्रकाश परत येत नाही, म्हणून तिथे काळं."

"गिळून त्याचं करतात काय?"

"किंचित उष्णता. तुला जाणवणारही नाही इतकी. अगं, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड आम्ही रंगात पोत्यांनी ओतायचो, आणि मी शहाणा वर्षानुवर्षं समजत होतो की ते आरशासारखे किरण परतवतात! परतवतात थोडे. बहुतेक गिळतातच."

"आणि आईचं ते पारदर्शक सनस्क्रीन?"

अण्णांनी पिशवीतून ते काढून स्वतःच्या हातावर लावलं. पडद्यावर तेही काळं. "यात अ‍ॅव्होबेंझोनसारखे कार्बनचे रेणू (अणू जोडून झालेले सूक्ष्म कण) असतात. तेही किरण गिळतात आणि थरथरून उष्णता सोडतात. उन्हात त्यांतले काही मोडतात, शिवाय घामाने लेप उतरतो. म्हणून कुठलंही लावलं तरी दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. तुझ्या कातडीला हे चुरचुरतं, म्हणून तुला पांढरं."

शलाकाने ट्यूब पिळली आणि तोंडभर जाड थर दिला. पडद्यावर एक काळीभोर मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. जे ऊन तिला भाजतं, त्या उन्हाला ती अशी दिसत होती! आपण किती सुंदर आहोत, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"आता झ्याक," दाण्या म्हणाला. "पर कान ऱ्हायलं."

कान झाले. लेप बसेपर्यंत वाट पाहून, लांब बाह्या, गडद चष्मा आणि रुंद टोपी घालून शलाका मैदानाच्या मधोमध गेली. मुलांनी तिला वाट करून दिली. टोपीची सावली पडू नये म्हणून बारा पंचविसाला अण्णांनी ती उचलली. शलाकाची सावली तिच्या पायांखाली शिरली आणि दिसेनाशी झाली.

"एक, दोन, तीन..." ती मोठ्याने मोजू लागली. तिसाच्या पुढे अख्खं मैदान तिच्याबरोबर मोजत होतं.

साठाला अण्णांनी टोपी परत तिच्या डोक्यावर ठेवली.

"अण्णा," शलाका म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन मिनिटं."