एक पायरी जास्त

वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामावरच्या त्या खोलीत यायचे ते ट्रक ड्रायव्हर, बंद पडलेले टेप काखेत मारून. त्यामुळे जानेवारीतल्या एका मळभलेल्या संध्याकाळी दारात छत्री मिटली आणि पाठोपाठ "नागसेनभाऊ आहेत का?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा भूपेशने वर पाहिलंच नाही... तो नुसता आवाज ऐकत राहिला. स्वच्छ, शांत, शेवटचं अक्षर न गिळणारा आवाज.

"नागसेन गेला गोंदियाले. खोली आता माह्याकडं आहे," तो म्हणाला. "मी भूपेश. काय बिघडलं?"

तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली विटेएवढी लोखंडी डबी काढली. जुन्या रेकॉर्डिंग कन्सोलचा प्रीअ‍ॅम्प होता तो, माइकमधून येणारा बारीकसा आवाज मोठा करणारा. जळून गेला होता.

तिचं नाव उत्तरा. दिवसा बँकेत, आणि संध्याकाळी रामदासपेठेतल्या अंध मुलांच्या वाचनालयात. तिथे ती पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. कन्सोल एका बंद पडलेल्या स्टुडिओने दान दिलेला. एका चारशे पानी गोष्टीची दोनशे ऐंशी पानं वाचून झाली आणि डबीतून धूर निघाला.

"दुसऱ्या मशीनवर वाचून पाहिलं," ती म्हणाली. "मुलांनी लगेच पकडलं. ताई, तुम्ही लांब बसून वाचता का, म्हणाली. त्यांना दिसत नाही, भाऊ. त्यांच्यासाठी मी म्हणजे एवढा आवाजच."

"भाऊ नका म्हणू," डबी उलटीसुलटी करत भूपेश म्हणाला. "भाऊ म्हटलं का काम लांबते माह्यं."

"मग काय म्हणू?"

"काम पाहून ठरवा."

ती हसली. भल्या माणसाने तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण सावध माणसं प्रेमात पडत नाहीत.

काम सोपं नव्हतं. डबी बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, आतल्या जोडणीचा नकाशा कुठेच नाही, आणि आत सगळीकडे काळी राळ ओतलेली. भूपेशने गरम हवेने ती मऊ केली आणि दात कोरावेत तशी कोरून काढली. एकेक सुटा भाग मोजायचा, एकेक तार कुठून कुठे जाते ते पाहायचं आणि कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवायचं. तो कोष्ट्याच्या घरातला. हजार धाग्यांच्या ताण्यातून तुटलेला एक धागा त्याचे वडील डोळे मिटून बोटांनी शोधायचे. मागावरचं ते बोट पोराच्या हाती उतरलं होतं, एवढंच.

पंधरा दिवसांत तंतोतंत तशीच नवी डबी तयार झाली. अडलं होतं ते सुपारीएवढ्या ट्रान्सफॉर्मरपाशी. तो बाजारात मिळेना, म्हणून पुण्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराला तशाच तारेचा गुंडाळून पाठवायला सांगितलं होतं.

उत्तरा रोज यायची. बँक सुटली की स्कूटर थेट वाडीला. स्टुलावर बसून टॉर्च धरायची. सोबत काटोलच्या मामाकडची संत्री.

"रोज काहून त्रास घेता? झालं का मी फोन केला असता."

"मी मशीनसाठी येते."

"आन् संत्री?"

"तीपण मशीनसाठीच. त्याला सोलता येत नाही ना... म्हणून तुम्हाला देते."

मग दोघंही उगाच त्या डबीकडे बघत बसायचे. बाहेर अवेळी पावसाची भुरभुर चालायची, ट्रक गेला की पत्रे थरथरायचे. ती गळ्यापाशी स्टोल घट्ट ओढायची, मधेच दोन बोटांनी गळा चाचपायची. थंडी वाजत असेल, असं त्याला वाटायचं.

एका मंगळवारी पुण्याचं पार्सल आलं. तासाभराचं काम उरलं होतं. भूपेशने डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री तापवायला लावली, आणि त्याच्या मनात आलं, आज डबी झाली तर उद्या संध्याकाळी स्टूल रिकामं.

ती आली. "आला का ट्रान्सफॉर्मर?"

"ना... त्या पुण्यावाल्याचं काही खरं नाही."

बोलून गेला खरा. ट्रान्सफॉर्मर बिस्किटांच्या डब्यात गेला. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण हे खोटं चांगलं बारा दिवस चाललं. त्या बारा दिवसांइतका तो कधी सुखात नव्हता, आणि त्या बारा दिवसांत त्याला धड घासही गोड लागला नाही.

बाराव्या दिवशी, शनिवारी, ती आली ती बसलीच नाही.

"नसेल जमत तर राहू द्या," ती म्हणाली. "परवा माझं ऑपरेशन आहे."

"कायचं?"

"गळ्यात गाठ आहे. आवाजाची नस तिला चिकटलेली. डॉक्टर म्हणतात, आवाज राहील किंवा... नाही राहणार." ती खिडकीकडे बघत होती. "त्याआधी पुस्तक संपवायचं होतं. मुलांना शेवट माझ्याच तोंडून ऐकायचा होता."

"आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कीव केली असती. इथे आलं की मी ते विसरून जात होते. म्हणून नाही सांगितलं."

भूपेशच्या जिभेवर तयार उत्तर होतं, आत्ताच आला बघा ट्रान्सफॉर्मर, तासाभरात देतो. तिला कधीच कळलं नसतं. त्याने बिस्किटांचा डबा उघडला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"आलेला आहे. बारा दिवस झाले."

तिने ट्रान्सफॉर्मर उचलून तळहातावर घेतला.

"काम झालं का तुम्ही येणार नाही, म्हणून लपवला. मले तुम्ही आवडता, उत्तरा. दुसरं कारण नाही."

किती वेळा त्याने हे वाक्य मनात म्हणून पाहिलं होतं. अशा रीतीने म्हणावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

"दिवसाला तीस पानं वाचते मी," ती हळूच म्हणाली. "चार दिवसांत झालं असतं." मग तिने स्टूल ओढलं आणि टॉर्च लावला. "द्या डाग, भाऊ."

त्या एका शब्दाने त्याला जे झालं, ते थोबाडीत मारूनही झालं नसतं.

रविवारी सकाळी डबी कन्सोलमध्ये बसली. उत्तरा वाचत गेली. जुन्या आणि नव्या रेकॉर्डिंगमधला सांधा खुद्द भूपेशला सापडेना, इतकी नक्कल हुबेहूब उतरली होती. त्याचा त्याला काडीचाही आनंद झाला नाही. साडेतीनशेव्या पानावर तिचा गळा बसला. तिने हेडफोन काढून ठेवले, पन्नास पानं राहिलेलं पुस्तक मिटलं आणि मागे न बघता निघून गेली.

ऑपरेशनच्या दिवशी तो दवाखान्याच्या लिफ्टपर्यंत जाऊन परत आला. पुढे वाचनालयाची झाडझूड करणाऱ्या पार्वतीबाईंनीच सांगितलं, "गाठ निघाली, बापा. पण आवाज गेला पोरीचा. फुसफुस बोलून राहिली नुसती."

त्याने पार्वतीबाईंकडून डबी मागून घेतली आणि दहा दिवसांनी परत आणून बसवली. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

मार्चमध्ये उत्तराचा निरोप आला. "रविवारी या. पन्नास पानं राहिलीत."

ती माइकसमोर बसली होती. गळ्यावर स्टोल तसाच. ती काहीतरी म्हणाली, आणि सुपातून धान्य सरकावं तसा आवाज आला. कन्सोलवरचा, आवाज किती पोचतो ते दाखवणारा काटा जागचा हलला नाही.

"बघितलंत?" ती त्याच आवाजात म्हणाली. "मशीनलासुद्धा ऐकू येत नाही मी. हेच बघायला बोलावलं तुम्हाला."

भूपेशने डबीवरचं बटण फिरवलं. शेवटच्या खुणेवर ते थांबायला हवं होतं. ते पुढे एक घर आणखी गेलं.

"जुन्यात एवढी वरची पायरी नव्हती," तो म्हणाला. "ही मी वाढवली. तशीच्या तशी बनवली होती, आता नाही राहिली. मागून थोडी सरसर येईन पावसासारखी. पण तुमचं बारीकातलं बारीक ऐकू जाईन."

तिने त्या वाढीव खुणेवरून बोट फिरवलं. लोखंडावर त्याने ती खिळ्याने कोरलेली होती.

"मुलं म्हणतील, बाई बदलल्या."

"आधीच सांगून टाका त्याईले."

"ते बारा दिवस मी विसरणार नाही."

"नका विसरू."

"पण भाऊही म्हणणार नाही." तिने हेडफोन चढवले. डोळे भरून आले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी जुनं हललं. "सुरू कर, भूपेश."

"वाच वं," तो म्हणाला.

ती माइकच्या अगदी जवळ झुकली आणि पान उघडण्याआधी रेकॉर्डिंगमधूनच मुलांना म्हणाली, "मीच आहे." काटा उठला आणि अर्ध्यापर्यंत गेला.