जाणाऱ्याची वही

“तुला काय वाटतं?”

वडिलांच्या तोंडून हे तीन शब्द बाहेर पडले मात्र, ताईच्या हातातली बशी फरशीवर पडून तिचे तुकडे तुकडे झाले!

मुलं नुकतीच घरी गेली होती. शाळेमागच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता आणि टेबलावर ते पत्र उघडं पडलं होतं... गायन विद्यालयाचं. दोन वर्षांचा अभ्यास, राहण्याची सोय, सोमवारी हजर व्हावं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी! तिने एवढंच विचारलं होतं, “बाबा, जाऊ का?”

“मला काय वाटतं?” ती उसळली. “जन्मभर हेच विचारत आलात तुम्ही! ताप आलाय, शाळेत येऊ का? तर म्हणे, तुला काय वाटतं? अहो, एकदा तरी ‘जा’ म्हणा, एकदा तरी ‘थांब’ म्हणा! दगडालासुद्धा पाझर फुटतो, बाबा...”

“फोड गं, दुसरीही बशी फोड,” चुलीपाशी उभी असलेली आत्या म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं राज्य होतं आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. “माझा भाऊ देवमाणूस आहे. पण देवासारखाच मुका!”

वडील खाली वाकून बशीचे तुकडे वेचत राहिले.

आता त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं म्हणावं? तरुणपणी एका तत्त्वज्ञाचं पुस्तक हाती पडलं आणि त्याच्या आयुष्याचं सोनं झालं. ‘मुलाला ओढू नका, त्याच्याजवळ बसा,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘शिक्षेची बेडी लोखंडाची, स्तुतीची सोन्याची, पण बेडी ती बेडीच!’ त्याने नोकरी सोडली, घराच्या भिंती पाडून वर्ग केले आणि शाळा उघडली. तिथे घंटा नाही, परीक्षा नाही, छडी नाही... आणि शाबासकीही नाही. गुणपत्रिकेऐवजी प्रत्येक मुलाची एक वही. त्यात शिक्षकाने चांगलं-वाईट न म्हणता फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, आणि मूल शाळा सोडून निघालं की ती वही त्याच्या हाती द्यायची.

ताई त्याच शाळेत वाढली. आई लहानपणीच देवाघरी गेलेली. सोळाव्या वर्षी याच गायन विद्यालयाचं पत्र आलं होतं, आणि त्याच दिवशी नेमकी छोट्या वर्गाची शिक्षिका शाळा सोडून गेली. एकवीस चिमणी पोरं दारात उभी! तेव्हाही वडील इतकंच म्हणाले होते, “तुला काय वाटतं?” तिला वाटलं, यांना माझं असणं काय नि नसणं काय, सारखंच! तिने पत्राची घडी केली, ती भांड्यांच्या कपाटात ठेवली, आणि डोळे पुसून छोट्या वर्गात जाऊन बसली. बावीस वर्षं झाली त्याला. शेकडो मुलांच्या वह्या तिने लिहिल्या. पण स्वतःच्या गाण्याला बापाच्या तोंडून एक ‘वा’ तिला कधी ऐकायला मिळाला नाही.

“मग ऐका,” ती आज पदर खोचून म्हणाली. “मी चालले. आणि पुन्हा या दारात येणार नाही!”

वडील उठले, तुकडे हळूच टेबलावर ठेवून बाहेर गेले.

“बघ... एक शब्दही नाही,” ती आत्याच्या खांद्यावर कोसळली. “आत्या, एक शब्दही नाही गं!”

तेवढ्यात पावलं परत आली. वडिलांच्या हातात सुतळीने बांधलेल्या सात वह्या होत्या.

“नियम आहे,” ते म्हणाले. “जाणाऱ्याला वही द्यायची.”

प्रत्येक वहीवर तिचं नाव होतं. तिला काहीच कळेना. “माझी? मग ही इतकी वर्षं...”

“तू गेलीच नाहीस. बाकावरून उठलीस ती थेट शिक्षिकेच्या जागेवर बसलीस. शाळा सोडली नाहीस, म्हणून वही दिली नाही.”

“जळो तुझा नियम!” आत्या कडाडली, पण तिचेही डोळे भरले होते.

ताईने पहिल्या वहीचं पान उघडलं. ‘आज तिने बुटांचे बंद स्वतः बांधले. दोन्ही बूट एकमेकांना बांधले. उठली, पडली, हसली.’ पुढची वही. ‘तिने पत्र घडी करून कपाटात ठेवलं. मी दारात उभा होतो. थांबू नको, जा, असं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ती माझ्या शब्दासाठी गेली असती. म्हटलं नाही. रात्रभर झोप नाही.’ आणि त्यानंतर पानांमागून पानं... ‘आज ती गायली. मी खिडकीखाली उभा होतो.’ ‘आज ती गायली. मी खिडकीखाली उभा होतो. पाऊस होता.’ बावीस वर्षं! शाळेतला प्रत्येक दिवस!

“बाबा! आत का नाही आलात हो?”

“मी आलो की तुझा आवाज बदलायचा,” म्हातारा हुंदका आवरत म्हणाला. “तू माझ्यासाठी गायला लागायचीस. तुझं गाणं तुझंच राहावं, म्हणून... पण पोरी, बेडी नको नको म्हणताना मी तुला हातसुद्धा दिला नाही. मी चुकलो. आज विचारत नाही, सांगतो. जा!”

जन्मात पहिल्यांदा बापाने तिला आज्ञा केली होती! ती वाकली, तो तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढे म्हणाला, “आणि परत ये. हेही सांगतोय.”

“बघा गं बाई,” आत्या नाक पुसत म्हणाली, “एकदा तोंड फुटलं तर आता हुकूमच सोडत सुटलाय!”

सोमवारी सकाळी ताई सामानाची पेटी घेऊन निघाली. फाटकाकडे जाता जाता तिचे पाय छोट्या वर्गाच्या खिडकीखाली अडखळले. आत बहात्तर वर्षांचे बाबा गुडघे दुमडून चिमुकल्या स्टुलावर बसले असणार, तिला न पाहताही दिसत होतं.

“आमची ताई कुठे गेली?” एक बारीक आवाज.

“तुला काय वाटतं?”

ताईला हसू फुटलं. खोड काही जायची नाही!

आत तोच बारीक आवाज म्हणाला, “ती गाणं आणायला गेली. आपल्यासाठी.”

“शाब्बास!”

शब्द निसटला होता. बाबा स्वतःच दचकले, आणि मग सगळी पोरं खदखदून हसली, आणि त्यांच्यात एक जाडाभरडा आवाजही हसला. ताईने डोळे पुसले, पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि गुणगुणत फाटक उघडलं.